सासऱ्यांची हजेरी

सोलापुरात आजवर जेवढ्या अक्षता पडल्या, त्यातल्या निम्म्या तरी माझ्या सासऱ्यांच्या परवानगीनं पडल्या असाव्यात. लग्न, बारसं, वास्तुशांत, एकसष्टी, यांतलं काहीही या शहरात आपल्या गैरहजेरीत उरकू द्यायचं नाही, असा त्यांचा बाणाच होता. ओळख सख्खी असो, नाहीतर कुठून तरी लांबून ओढूनताणून आणलेली, त्यांना सारखीच. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. अशी माणसं गावाकडच्या शेतीत लक्ष घालतात, फार तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडतात. आमच्या आबांनी शुक्रवार पेठेत घर केलं आणि शहरातल्या यच्चयावत मंगलकार्यांचा ताबा घेतला.

मुहूर्त दुपारी बाराचा असला की हे सकाळी सातला कार्यालयात हजर. मांडववाला अजून टेम्पोतून खुर्च्या उतरवतोय, वधूपिता तोंडात ब्रश धरून फिरतोय आणि हे दारात उभे. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पीळ दिलेली मिशी आणि चेहरा असा, की वधूपित्यानं ब्रशसकट सावधान व्हावं. जावई म्हणून त्यांच्यासोबत जायचा मान माझा. लोकांचे जावई लोडाला टेकून सरबत पितात. मला पाण्याच्या पिंपावर ड्यूटी लागायची. पंगत बसली की वाढप्यांच्या पाठीशी त्यांचा आवाज घुमायचा, "अरं, शेंगाचटणी कुटं हाय? ती डावीकडची लाईन उपाशी बसली की!" पुढं पुढं तर शहरातले आचारी काम धरण्याआधीच हळूच विचारायचे, "सुभेदारसाहेब येनार हायत का?" येणार म्हटलं की त्यांना नेमकं त्याच दिवशी गावी जायचं असायचं.

एकदा भवानी पेठेतल्या एका लग्नाला आम्ही असेच भल्या सकाळी पोचलो. शेजारीशेजारी दोन कार्यालयं. आबा जे आत शिरले ते थेट मुदपाकखान्यात. त्यांनी भाताचं पातेलं हलवून घेतलं, बँडवाल्यांना रांगेत उभं केलं, रुसलेल्या एका मामांची समजूतही काढली. नवरानवरीनं एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गूळ ठेवला, भोवती सगळे तेलुगूत बोलायला लागले, तेव्हा कुठं ते माझ्या कानाला लागले. "जावईबापू, नवरदेव आपला न्हाय वाटतं."

आम्ही मागच्या दारानं सटकणार, तेवढ्यात वधूचे वडील आडवे आले. टॉवेलचे माग चालवणारा साधा माणूस. आबांचा हात धरून म्हणाले, "मामा, तुमी गेला तर हितं बघायचं कुनी?" झालं! शेवटची पंगत उठेपर्यंत मी पिंपापाशी. खऱ्या लग्नाला पोचलो तेव्हा तिथं नवरी निघालेली होती. याचं खापर अर्थातच माझ्यावर फुटलं. नकाशा वाचता न येणाऱ्या माणसाला आपण मुलगी दिली, हे त्यांनी घरी जाऊन सासूबाईंना दोनदा ऐकवलं.

या सगळ्याचं कौतुक घरात एकाच माणसाला नव्हतं. माझ्या बायकोला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका लेकीला. ती जन्मली तेव्हा आबा सरहद्दीवर होते. तिचं बारसं झालं तेव्हाही तिथंच. गॅदरिंगमध्ये ती जिजाऊ झाली तेव्हा, तिला कावीळ झाली तेव्हा, दहावीला ती शाळेत पहिली आली तेव्हा आबा कुठल्या ना कुठल्या बर्फात उभे होते. "लोकांच्या पोरींची बारशी करत हिंडतात," ती त्यांच्या देखत म्हणायची. "माझ्या बारशाला कुठं होते?" साऱ्या शहराला दटावणारे आबा खाली मान घालून घरादाराचे बूट पॉलिश करत राहायचे. आमच्या मुलीच्या वेळी ते डॉक्टरांच्याही आधी दवाखान्यात पोचले आणि नर्सबाईंकडून रोज सकाळी रिपोर्ट घेऊ लागले. तरी बायकोचा राग गेला नाही. मी हसण्यावारी न्यायचो, पण मला त्यांची कणव यायची. चुकलेली हजेरी हा माणूस दुसऱ्यांच्या मांडवात भरत होता, आणि जिथं ती लागायला हवी होती तिथं काही लागत नव्हती.

गेल्या वैशाखात, आबा वारले त्याच्या आठवडाभर आधी, ते अंथरुणाला खिळले होते. सांगोल्याला पुतण्याच्या मुलीचं लग्न होतं. सकाळीच हुकूम सुटला, "समद्यांनी जायचं. माज्यापाशी कुनी थांबायचं न्हाय." बायको त्यांच्या उशाशी बसून होती.

"बेबी, ऊठ. साडी नेस. गाडी खोळंबलीय."

"मी नाही जात."

"हुकूम हाय."

"असू दे की."

मी गाडीची किल्ली घेऊन दारात उभा. आबांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. म्हणाले, "तुज्या बारशाला लई यावंसं वाटत हुतं गं."

बायकोनं त्यांची चादर सारखी केली. केलेलीच होती, तरी पुन्हा केली. मग म्हणाली, "येऊन काय केलं असतंत? पाळणा नीट हलवत नाही म्हणून आत्याला झापलं असतंत."

"व्हय की," म्हणाले आणि खोकला येईपर्यंत हसले.

मी एकटाच सांगोल्याला जाऊन आलो. संध्याकाळी परतलो तेव्हा बायको त्यांचा हात हातात घेऊन आपलं बारसं सांगत होती. दारात तोरण कसं होतं, कोण कोण आलं होतं, पाळण्याला कुठली फुलं होती. आबा डोळे मिटून ऐकत होते.

"पंगत येळंवर बसली का?" त्यांनी विचारलं.

"बसली, आबा. सगळे पोटभर जेवले."

सासूबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. बायको जन्मली ते दुष्काळाचं वर्ष होतं. चार बायका बोलावून, मूठमूठ घुगऱ्या वाटून बारसं उरकलेलं. त्यांनी पदर तोंडाला लावला.