दगडफुलाचे मोजे

हॅरिस बेटावर लोकर रंगवणं ज्याला म्हणावं ते एकाच बाईला येतं, असं ओयरिकचं ठाम मत होतं, आणि ती बाई म्हणजे ती स्वतः. शेजारणींनी भिंतीवर वाळत घातलेली लोकर ती येताजाता बघायची आणि नाक मुरडायची. दुकानातून रंगाची पुडी आणणारीला तर ती हिशेबातच धरत नसे. "पुडी काय, माझी गायसुद्धा फोडेल," म्हणायची.

पाऊस पडून गेला की ती जुना चमचा घेऊन खडकांवर चढे. ओलं दगडफूल पटकन खरवडून निघतं. ओढ्याकाठी तिचा तीन पायांचा लोखंडी हंडा होता. त्यात एक थर लोकर, एक थर दगडफूल असं काठोकाठ भरायचं, पाणी ओतायचं आणि खाली दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीच्या ढेपा पेटवायच्या. सकाळी चढवलेला हंडा संध्याकाळी उतरायचा. लोकर गडद तांबूस होऊन निघे, आणि तिचा वास धुवून जात नसे. मग पिंजण, मग चरखा.

पण हा रंग समुद्रावर जाणारे पुरुष अंगाला लावत नसत. खडकावरच्या रंगाची लोकर घालून माणूस पाण्यात पडला, तर तो दगडासारखा थेट तळाला जातो, असं ते मानत. ओयरिकचा नवरा फेराखर चौघांच्या होडीचा म्होरक्या होता. लग्न झाल्या झाल्याच त्याने तिला सांगितलं होतं, "माझ्या कपड्यात त्या रंगाचा एक धागासुद्धा नको."

"बरं," ती म्हणाली.

त्याच शरद ऋतूत तिने काळी लोकर पिंजताना त्यात मूठभर तांबूस लोकर मिसळली, सूत कातलं आणि मोजे विणले. वरून काळेच दिसत होते. फेराखर ते घालून गेला आणि धडधाकट परत आला. पुढच्या वर्षी तिने दोन मुठी घातल्या. अशी अकरा वर्षं गेली. तो घरी येऊन मोज्यांच्या उबेचं कौतुक करायचा, तेव्हा ती पाठ फिरवून हसायची. ते हसणं प्रेमाचं नव्हतं.

बाराव्या वर्षी वसंतात होडीचं जाळं कपारीत अडकून फाटलं. टोरकिल नावाचा एक खलाशी होता. त्याचे हात चालत नसत, तोंड चाले. त्याच होडीवर असलेल्या, बेहाक या विधवेच्या जावयाच्या मोज्यांवर त्याला एक तांबूस पट्टा दिसला. झालं, जाळं फाटलं ते त्या मोज्यांपायीच, असं त्याने ठरवून टाकलं. सगळे किनाऱ्यावर जमले आणि जावयाला होडीवरून उतरवायचं ठरलं. बेहाकचं घर त्याच्या एकट्याच्या जिवावर चालत होतं. ती शाल डोक्यावर ओढून उभी राहिली.

ओयरिक तिथेच हेरिंग मासे साफ करत होती. तिने सुरी पुसली.

"टोरकिल, जाळं वेळेवर कोणी ओढायचं होतं?"

"मी. पण ते मोजे..."

"मोजे जाळं ओढतात होय? मग तुझ्यापेक्षा मोजेच कामाचे."

"बायकांनी यात पडू नये," टोरकिल म्हणाला.

"अकरा वर्षं पडलेय. तुमच्या म्होरक्याच्या पायातले मोजे उसवून बघा. निम्मं दगडफूल आहे त्यात. बुडाला का तो?"

फेराखर एका धोंड्यावर बसला, बूट काढले, मोजे सोलले आणि उन्हात धरून बघितले. मग ते तिथेच टाकून तो गोट्यांवरून अनवाणी घरी गेला.

जावई होडीवर राहिला. म्होरक्याच तसा निघाला म्हटल्यावर त्याला कोण काढणार? फेराखर मात्र सगळा उन्हाळा समुद्रावर गेला नाही.

त्या दिवशी घरी तो एवढंच म्हणाला, "अकरा वर्षं तुला माझ्या भीतीची गंमत वाटत होती."

"गंमत नाही. कीव."

"कीव आली असती तर सांगितलं असतंस."

या बोलण्याचा राग ओयरिकने पुढचे कित्येक दिवस भांड्यांवर काढला. मनातून तिला तो आणखीच भित्रा वाटू लागला, आणि तरी त्याचं ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

उन्हाळा सरल्यावर फेराखर टारबर्ट गावच्या दुकानातले मोजे घालून होडीवर परतला. ते भिजले की थंडगार पडत. त्याच्या टाचा फुटल्या, बोटं सुजली, पण त्याने तिच्याकडे काही मागितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

एके सकाळी बेहाक लोकरीचा गठ्ठा घेऊन ओढ्याशी आली. "जावयासाठी आहे. तो म्हणतो, गडदच रंगवा, आता काय घाबरायचं."

"अक्कल आली म्हणायची त्याला," ओयरिक म्हणाली. "आणि तुझ्या लोकरीत हे एवढं गवत? निवडायला हात मोडले होते का?"

बेहाक खाली बसून गवत निवडू लागली. तेवढ्यात फेराखर टोपली पाठीवर घेऊन आला. त्याने कोणी न सांगताच हंड्याशेजारी ढेपा ओतल्या, एकदा जाळाकडे बघितलं आणि तो निघून गेला.

ढेपा अर्धवट वाळलेल्या होत्या. एवढंही धड जमत नाही याला, असं पुटपुटत ओयरिकने त्या एकेक करून जाळात सारल्या.