बहुतेक अरबस्तानाकडे

कुठल्याही गोष्टीचा जन्म कळला की तिची पुढची वाट कळते, असे ठामपणे मानणारा आणि तरीही एकही वाक्य ठामपणे न बोलणारा माणूस मी एकच पाहिला: माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे ठाण्याचे भावोजी. मुंबईच्या हवामान कचेरीत ते वादळांची वर्गवारी करीत. वादळ केवढे, याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. ते उठले कसे, एवढेच ते विचारीत. घरी देवघराशेजारी तीन लाकडी वाट्या असत आणि दर वादळामागे एक चिंचोका. पूर्वेकडच्या जुन्या वादळाच्या उरल्यासुरल्या वाऱ्यातून उठलेली एका वाटीत, पावसाळी वाऱ्यांच्या सीमेवर उठलेली दुसरीत, तापलेल्या शांत समुद्रात आपली आपण उठलेली तिसरीत. मग वाटीवाटीतली बहुतेक कुठे गेली, ते मोजायचे.

‘बहुतेक’ हा त्यांचा श्वास होता. "जेवण झालं का?" "बहुतेक." मुलगी पसंत आहे का, असे आमच्या वडिलांनी विचारले तेव्हाही ते हेच म्हणाले, आणि ताईने ते दाराआडून ऐकले. पुढे आमटी खारट झाली की ती म्हणे, "सोसून घ्या. बायको बहुतेकच पसंत होती ना!"

स्वातंत्र्य नुकतेच मिळाले होते. दिवाळीनंतर एका सकाळी रोजची कोळीण पाटी उतरवून म्हणाली, "साएब, वारं बरं दिसत नाय. होरी वर वढू का खारीत राहू दे?" भावोजींनी तिसऱ्या वाटीकडे पाहिले. समुद्रात उठलेले वादळ त्याच वाटीचे होते, आणि तिच्यातली बहुतेक अरबस्तानाकडे गेलेली. पाहुणा म्हणून मी समोर बसलो होतो. कदाचित त्यामुळेच त्यांना चेव आला. "खुशाल राहू दे. हे अरबस्तानाकडे जाणार."

जन्मात प्रथमच ‘बहुतेक’ गळले होते. वादळ ठाण्यावरून गेले. माणसे वाचली, खाडीतल्या होडीच्या मात्र फळ्या झाल्या.

तेव्हापासून मासळीवाचून घास न उतरणारे भावोजी भेंडीवर आले. "म्हावरं घ्या!" अशी हाक आली की ते मागच्या अंगणात, न्हाणीआड जाऊन बसत. कोळीण ओट्यावरून ओरडे, "लपतंस कशाला रं साएबा? होरी फुटली, मी नाय फुटली! वादळ काय तू आनलंस?"  त्या वादळाचा चिंचोका तिसऱ्या वाटीचाच होता. जमिनीवर आलेले त्या वाटीत आधीही दोन-चार होते, आणि हे त्यांनाच सर्वांहून जास्त ठाऊक होते. तो त्यांनी वाटीत कधी टाकला नाही. कोटाच्या खिशात बाळगला. नवी होडी पाण्यात उतरली, तिच्या पूजेचे बोलावणे आले, तेव्हाही ते गेले नाहीत. नारळ माझ्या हाती पाठवला.

गेल्या माघात भावोजी गेले. कोळीण पाटीवाचून आली आणि ओट्यावर बसून राहिली. मी कोटातला चिंचोका काढून तिसऱ्या वाटीत टाकला.

"एकदा तोंड दावायचं व्हतं त्यानं," ती म्हणाली. "मी काय बोलली नसती."

ताईने पदर डोळ्यांना लावला. "बहुतेक," ती म्हणाली.