शोचा हुक

माझ्या जीपचा पुढचा बंपर सध्या उरणजवळच्या एका गावात म्हशींच्या गोठ्याला फाटक म्हणून आडवा लावलेला आहे. चांगलं काम करतो, असं ऐकतो. माझ्याकडे असताना त्याने एकच काम केलं, ते म्हणजे मला सोडून जाणं.

मला लोखंडातलं कळतं, हे आधीच सांगून ठेवतो. साताऱ्याकडून एक पिशवी घेऊन आलो. कळंबोलीच्या लोखंड बाजारात आधी हमाली केली, मग दलाली, मग स्वतःचा गाळा घेतला. समोरच्याने सांगितलेल्या भावात मी आजवर काहीही घेतलेलं नाही. (लग्नात भटजींशीसुद्धा घासाघीस केली होती. त्यांनी दोन मंगलाष्टकं कमी केली. बायको अजून ऐकवते.)

नव्वदच्या दशकात नेरूळच्या आमच्या सोसायटीत जो तो पांढरी छोटी गाडी घेत होता. मी एका बुडालेल्या ठेकेदाराकडून जुनी जीप घेतली. फोर व्हील ड्राइव्ह! गिअरच्या शेजारी आणखी एक दांडा, तो ओढला की चारही चाकांना जोर. सोसायटीपासून भाजी मार्केटपर्यंत डांबरी रस्ता असल्यामुळे दोन महिने मी तो दांडा नुसताच पुसत होतो.

"अहो, विका ती," सुनंदा, म्हणजे आमची बायको, रोज म्हणायची. "माझ्या आईला चढायला स्टूल लागतं."

"ही जीप चिखलात चालते."

"मग घाला की एकदा चिखलात. आपली आपण बाहेर आली तर ठेवा. नाही आली, तर विकायची. कबूल?"

मी कबूल म्हणालो. वर काही मागायचंही सुचलं नाही, इतका रागावलो होतो.

तेवढ्यात मेहुण्याचं आमंत्रण आलं. विलास उरणला कंटेनरच्या गोदामात नोकरीला होता आणि तिकडेच एका गावात त्याने जमिनीचा तुकडा घेतला होता. थंडी पडली की तिकडे पोपटी लावतात: मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, भांबुर्ड्याचा पाला, आणि भोवती शेतातच जाळ.

"दाजी, बांधावरून लांबचा रस्ता आहे," विलास फोनवर म्हणाला. "माझी छोटी गाडी तिथूनच येते. खाडीकाठच्या खाजणातून सरळ आलं तर जवळ पडतं, पण तिथे भरतीचं पाणी येतं, नुसता चिखल. तुमचा रणगाडा कुठून येणार?"

"खाजणातून," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

तयारीला जीप तुर्भ्याला बाबूभाईच्या गॅरेजात नेली. बाबूभाई हा मनुष्य बोलताना कधी वर बघत नाही. बघितलं तर भाव कमी करावा लागेल, अशी त्याला भीती असावी.

"चिखलाचे टायर घाला, शेठ. चार."

"चारही चाकांना जोर आहे ना? मग दोन पुरेत. पुढे घाल. मागचे कोण बघतंय?"

"बघणारे नाय बघत. चिखल बघतो. बरं, पुढे ओढायचा हुक लावू? शोला पाहिजे की कामाला?"

हा प्रश्न मला नवीन नव्हता. मी स्वतः गिऱ्हाइकाला विचारतो. स्वस्त वस्तूला असं काही नाव ठेवायचं की माणूस लाजून महाग वस्तू घेतो. माझाच डाव, आणि माझ्यावर?

"दोघांत फरक काय?"

"हुक तोच. शोचा बंपरला बसतो, कामाचा खाली चेसिसला, गाडीच्या सांगाड्याला. चेसिसचं वेल्डिंग वेगळं लागतं."

"लोखंड तेच?"

"तेच."

"मग शोचा लाव. आणि वर लाल रंग मार. फुकट."

त्याने मारला. शिवाय मी एक साखळी आणि एक फावडं वर काढून घेतलं. गॅरेजातून निघताना मला बाबूभाईची दया आली होती, यावरून काय ते समजा.

त्या लाल हुकाने सोसायटीत खळबळ उडवली. सेक्रेटरी येऊन हात लावून गेले. सुनंदाने सीटवर जुन्या चादरी घातल्या, सासूबाईंना स्टुलावरून मागे चढवलं आणि स्टूलही आत घेतलं.

खाजणाच्या कडेला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. ओहोटी होती. वरची जमीन छान वाळलेली, भाकरीच्या पापुद्र्यासारखी. समोर बांधावर विलासची पांढरी गाडी, शेजारी धूर, आणि विलास दोन्ही हात हलवत होता. तो 'या' म्हणत नव्हता, 'येऊ नका' म्हणत होता, हे मागाहून कळलं.

मी दांडा ओढला. जीप ऐटीत निघाली. बांध वीसेक हातांवर आला आणि पापुद्रा फुटला. पुढचे नवे टायर चिखल पकडत होते, मागचे गुळगुळीत टायर जागच्या जागी फिरून खड्डा खणत होते. मी आणखी जोर दिला. खड्डा आणखी चांगला खणला गेला. मग मी उतरून फावडं मारलं. फावडं चिखलात राहिलं, दांडा हातात आला. (तेही वर मिळालेलं होतं.)

"जावईबापू," मागून सासूबाई म्हणाल्या, "पायाला गार लागतंय."

भरती सुरू झाली होती.

विलासने गावातून धर्मा पाटलाला ट्रॅक्टरसकट आणलं. धर्माने ट्रॅक्टर बांधावर उभा केला, पाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि एक आकडा सांगितला. सवयीने मी निम्मा सांगितला.

"शेट, पानी चढतंय."

"म्हणून काय लुटणार?"

"मंग थांबतो." तो ट्रॅक्टरवर बसून शेंगा खायला लागला. थोड्या वेळाने त्याने आकडा सांगितला, तो आधीपेक्षा मोठा होता. मी जितका बोलत होतो तितका भाव वर जात होता. असा सौदा मी आयुष्यात पाहिला नव्हता.

"अहो," सुनंदा म्हणाली, "आईने पाय सीटवर घेतले."

मी धर्माच्या आकड्याला हो म्हणालो.

"साखल कुठं बांधू?" धर्माने विचारलं.

"हा लाल हुक कशाला आहे?" मी जरा अभिमानानेच म्हणालो.

साखळी अडकवली. ट्रॅक्टर गुरगुरला, साखळी ताणली गेली, कडकन आवाज झाला आणि ट्रॅक्टर एकदम हलका होऊन निघाला. "निघाली, निघाली!" म्हणून बांधावर टाळ्या पडल्या. ट्रॅक्टर बराच पुढे गेला. त्याच्यामागे साखळी, साखळीला हुक, हुकाला माझा बंपर. जीप आणि आम्ही होतो तिथेच होतो.

धर्मा उतरून मजुरी मागायला आला.

"कसली मजुरी? जीप कुठे निघाली?"

"बांधा म्हनलात, बांधलं. ओढा म्हनलात, ओढलं. जे आलं ते आलं."

"अर्धं काम, अर्धे पैसे."

"ह्ये अर्धं हाय? बंपर पुरा आलाय की."

आम्ही दोघंही तत्त्वाला पक्के. पाणी गुडघ्याला लागलं तरी कोणी हटेना. शेवटी जीपमधून सुनंदाचा आवाज आला. "धर्मादादा, मजुरी म्हणून तो बंपर तुम्हाला. आता गाडी काढा. आणि ह्यांना बोलू देऊ नका."

"तुमचं ऐकतो, ताई," धर्मा म्हणाला. त्याने पाण्यात हात घालून साखळी थेट ॲक्सलला बांधली. जीप पहिल्याच ओढीला बाहेर आली. मी एवढा वेळ घासलं आणि तिने एका वाक्यात सौदा केला, तोही माझ्या बंपरवर. सासूबाई स्टुलावरून सावकाश उतरल्या, मला म्हणाल्या, "थंड झाली असेल पोपटी," आणि मुलाच्या पांढऱ्या गाडीत जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी मी तुर्भ्याला जाऊन बाबूभाईसमोर उभा राहिलो.

"हुक तुटला?" त्याने खाली बघतच विचारलं.

"नाही."

"वाकला?"

"नाही."

"मग तक्रार कशाची?"

लोखंडाबद्दल माझी तक्रार नव्हतीच. मी चहा पिऊन परत आलो. चहा त्याने पाजला, एवढंच काय ते वसूल झालं.

सुनंदाची अट मी विसरलो नव्हतो. विसरलो असतो तर तिने आठवण करून दिली असती. जीप विकायला काढली. पण जे गिऱ्हाईक येई ते पुढून बघे, "बंपर नाय?" म्हणे आणि भाव पाडे. मी पाडला नसता इतका पाडे. तेव्हा बंपर परत आणायचा ठरवून मी धर्माकडे गेलो.

बंपर गोठ्याच्या तोंडाशी दोन खांबांत आडवा बसवला होता. लाल हुकाला म्हशीचा दोर. आतली म्हैस मधूनमधून धडक मारत होती आणि बंपर हलत नव्हता. माझ्या डोळ्यांदेखत हलत नव्हता!

"विकायचा आहे का?" मी विचारलं.

धर्माने त्यावर कोपर टेकलं. "शोला पायजे का कामाला?"

"शोला," मी लगेच म्हणालो. "शोचा स्वस्त पडतो."

"मंग नाय परवडायचा तुमाला," तो म्हणाला. "ह्यो आता कामाचा झाला हाय."

जीप विकली गेली नाही. आजही ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये बंपरशिवाय उभी असते. रविवारी मी तिचा तो दांडा पुसतो, तेव्हा सेक्रेटरी विचारतात, "शेठ, ही ठेवलीय कशाला?"

शोला.