मस्कतला नेलेलं विहिरीचं पाणी

माझी मुलगी पाच महिन्यांची असताना मी तिला घेऊन एकटीनं मस्कतला गेले. सत्तरचं दशक सरत आलं होतं. कशेळ्याच्या पुढे दोन कोसांवर असलेल्या आमच्या गावात मस्कत नेमकं कुठे आहे हे एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस, म्हणजे माझा नवरा, मस्कतलाच क्रेन चालवत होता. बाकीच्यांना एवढंच माहीत होतं की तिथे पाणी नाही. जिथे पाणी नाही तिथे बाटलीवरचं पोर घेऊन निघालेली बाई एक तर वेडी असणार, नाहीतर खालापूरची. मी माहेरची खालापूरची होते, वर मॅट्रिक पास.

पोर बाटलीवर का, ते आधीच सांगते, नाहीतर वाचणाऱ्या बायका तिथेच अडून बसतील. बाळंतपणानंतर महिनाभरातच मला टायफॉईड झाला आणि दूध आटलं. मग गावातल्या प्रत्येकीनं आपापला इलाज आणून दिला. हळिवाचे लाडू झाले, शतावरी झाली, डिंक झाला, खसखशीची खीर झाली. दूध आलं नाही. मी मात्र दोन ब्लाऊज उसवण्याइतकी सुधारले. पोरगी पावडरच्या दुधावर राहिली, आणि 'कशी गं आई, पाजत नाय' हे ऐकणं माझ्या नशिबी आलं.

ह्यांनी मुलीला पाहिलंच नव्हतं. पोटात तीन महिन्यांची होती तेव्हा हे गेले. पत्रातून सूचना मात्र भरभरून यायच्या. बाळाला जपून आण, ऊन लागू देऊ नकोस, वारा लागू देऊ नकोस, रडू देऊ नकोस. माणूस उंटांच्या मुलखात होता, तेव्हा उंटावरून शेळ्या हाकणं ओघानंच आलं. एका पत्रासोबत त्यांनी कुणाच्या तरी हाती थर्मास पाठवला. जपानी, गुलाबाच्या फुलांचा, चांगला हातभर उंच. चोवीस तास गरम राहतं म्हणे. अर्धं गाव तो बघून गेलं, आणि दोघींनी झाकण उघडून आत फुंकरही मारली.

कर्जतच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मला प्रवासाचं सगळं शिकवलं होतं. बाटली नि बूच वीस मिनिटं उकळायचं. थर्मासात नुसतं उकळलेलं पाणी न्यायचं, पावडर वेगळ्या डब्यांत मोजून न्यायची, आणि भूक लागेल तेव्हा तेवढंच दूध ताजं कालवायचं. उरलं तर ओतून द्यायचं. मी पाढे म्हणावेत तसं सगळं म्हणून दाखवलं. बाई म्हणाल्या, "हुशार आहेस." तेवढ्यानं मी फुगले आणि गावात आल्यावर कुणालाही न विचारता शिकवत सुटले.

सासूबाईंना त्यातलं एकच वाक्य लागलं. "उरल्यालं दूध टाकायचं? दूध टाकतात का गं कुनी? चुलीवर उतू गेलं तरी आमी हात जोडतो."

"आई, जंतू होतात त्यात."

"तुज्या पुस्तकातले जंतू आमच्या दुधात येत नाय."

त्यांना मस्कतची काळजी वेगळीच होती. नवं पाणी तान्ह्या पोराला बाधतं, म्हणून लांब जाताना आपल्या विहिरीचं पाणी बरोबर न्यायचं आणि तिथल्या पाण्यात रोज चमचाभर घालायचं, म्हणजे पोटाला ओळख राहते, हा त्यांचा नियम. त्यांच्या दोन्ही लेकी सासरी निघाल्या तेव्हा कळशीभर पाणी बरोबर गेलं होतं. एक लेक नेरळला दिली होती, म्हणजे तासाभराच्या वाटेवर, तरीसुद्धा.

मी म्हटलं, "बरं, न्यायचं तर नेऊ. पण उकळून द्या."

"उकाळलं की मेलं ना ते पानी! मेल्या पान्याला कसली वळख?"

हे मॅट्रिकच्या पुस्तकात नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतः विहिरीत पोहरा सोडला, पाणी तीनपदरी फडक्यातून गाळलं, पांढऱ्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये भरलं आणि तोंडावर जुन्या लुगड्याचा तुकडा बांधून तीन गाठी मारल्या. मनात म्हटलं, नेते, पण ह्यातला थेंब पोरीच्या तोंडात जाईल तर शपथ.

सल्ले इतरांचेही होतेच. विमान वर गेलं की बाळाची टाळू वर ओढली जाते, तेव्हा तिच्यावर तेलाची घडी ठेव. विमानात बसल्याबरोबर घुटी उगाळ; आता विमानात सहाण कुठे ठेवायची ते कुणी सांगेना. मी सगळ्यांना हो म्हणत होते आणि मनात हसत होते. अडाणी बायका, म्हणत होते.

आता ह्या शहाणीनं काय केलं ते ऐका. निघायच्या दिवशी पहाटे मी थर्मास घेऊन बसले, आणि डोक्यात आलं की विमानात सगळे साहेबी लोक असणार, त्यांच्यासमोर मी डब्या उघडणार, चमचे मोजणार, पावडर कुणाच्या तरी पँटवर सांडणार. लोक म्हणतील, आलं गावंढळ ध्यान! त्यापेक्षा दूध इथेच कालवून थर्मासात भरलं तर? चोवीस तास गरम! भूक लागली की ओतायचं, झालं. चार वेळचं दूध मी एकदमच कालवलं, बूच घट्ट लावलं, आणि स्वतःवरच खूश झाले. पावडरचा डबा गेला ट्रंकेत तळाशी.

त्या घरात रोज विरजण मीच लावत होते बरं का. कोमट दूध झाकून उबेला ठेवलं की त्याचं काय होतं हे आमच्या गावात रांगत्या पोरालाही कळतं. पण पातेल्यातलं दूध वेगळं आणि जपानी थर्मासातलं वेगळं, अशी माझी शिकलेली समजूत होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझ्या बैलाचं काय होणार होतं ते पुढे येतंच आहे.

कर्जतहून केलेली टॅक्सी चौक, पनवेल करत मुंबईच्या विमानतळावर पोचली. सोबत आलेले दीर दारातूनच परतले. आत एका साहेबानं कॅनवर बोट ठेवून विचारलं, "इसमें क्या है?" म्हटलं, पानी. "पानी क्यों ले जा रहे हो?" आता ओळखीला हिंदीत काय म्हणायचं? मी म्हटलं, "सासने दिया." त्याला सासू असावी, कारण त्यानं पुढे काही विचारलं नाही.

विमान बाराचं होतं. त्याचे झाले तीन, तिनाचे झाले साडेचार. मे महिना, घामाच्या धारा. दहाची बाटली पोरगी छान प्यायली, एकचीही प्यायली. चारला मी थर्मास कलता केला तर दूध धड पडेना, बुचाशी बारीक गुठळ्या दिसल्या. बोटावर थेंब घेऊन जिभेला लावला. आंबूस होता.

मला कळलं होतं. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच कबूल करतेय, दूध आंबलंय हे मला चांगलं कळलं होतं. पण डबा ट्रंकेत, ट्रंक सामानात गेलेली, आणि दूध मागायला कॅन्टीनपर्यंत जायची लाज. बरं, ओतून द्यायला मोरीपाशी गेले तर हात पुढे होईना. ज्या हातानं उतू गेलेल्या दुधालाही नमस्कार केलेला, तो भरली बाटली पालथी कशी करणार? सासूबाईंना शिकवणारी मी, तिथेच त्यांची सून ठरले. म्हटलं, थोडंसंच तर आहे, एवढ्यानं काय होतंय? पोरगी भुकेली होती. तिनं शेवटच्या थेंबापर्यंत ओढलं.

विमान वर गेलं आणि टाळूबिळू सगळी जागेवर राहिली. अर्ध्या तासानं ती ओकली. मग जुलाब सुरू झाले. दुपटी संपली, माझा टॉवेल संपला, शेवटी पातळाचा पदर घेतला. ती रडत होती, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. मग रडणंही थांबलं आणि मान माझ्या दंडावरून लोंबायला लागली. ज्या बापानं तिला एकदाही पाहिलं नाही, त्याच्या हातात मी मेलेलं पोर देणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी देवाला नवस बोलले, सगळ्या देवांना, क्रम न लावता.

शेजारी कर्जतचीच एक मुसलमान बाई होती. दोन मुलांना घेऊन नवऱ्याकडे निघालेली, अशी तिची तिसरी खेप. तिनं पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, थर्मास उघडून वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"कवा कालवलंस?"

"पहाटे."

तिनं थर्मासचं बूच लावून तो पायाशी ठेवला. रागावली असती तर मी भांडले तरी असते. तिनं हवाई सुंदरीला हाक मारली, कसलीही लाज न बाळगता तिच्याकडून उकळलेलं पाणी, साखर आणि चिमूटभर मीठ मागून घेतलं, आणि चमचा माझ्या हातात दिला. "थांबू नको. वकली तरी पाज. परत वकली तरी परत पाज." मस्कत येईपर्यंत मी चमच्यानं पाजत राहिले, आणि ती माझ्या मांडीवरच्या पोरीचे पाय चोळत राहिली. तिची स्वतःची दोघं बिचारी गप्प बसून बिस्किटं खात होती. उतरल्यावर तिचा नवरा तिला घेऊन गेला. माझ्या मुलीचा जीव वाचवणाऱ्या बाईला मी नावसुद्धा विचारलं नाही. किती सुसंस्कृत!

ह्यांनी लेकीचं तोंड पहिल्यांदा पाहिलं ते हॉस्पिटलच्या वाटेवर. डॉक्टरांनी तिच्या डोक्यातल्या शिरेला सलाइन लावलं. दोन दिवस काही खरं नव्हतं. तिसऱ्या दिवशी नर्सनं ओलं दुपटं उचलून दाखवलं, तशी मी तिथेच जमिनीवर बसून मोठ्यानं रडले. पोरीनं मुतल्याचा एवढा आनंद त्या हॉस्पिटलात कुणी केला नसेल.

त्याच दुपारी हे खोलीवरून चक्कर मारून आले. सामान त्यांनी खोलीवर नेऊन टाकलं होतं. म्हणाले, "तो कॅन कसला? आईनं विहिरीचं पाणी दिलंय?"

"हो."

"न उकळता?"

"हो."

"आणि तू ते पाजलंस हिला?"

नाही म्हणायला किती वेळ लागतो? मी खाली बघितलं. एवढंच केलं. ह्यांना तेवढं पुरलं. "आईचा हट्ट मला माहीत आहे," म्हणाले, "तू तरी काय करणार?" आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी तो हात फिरू दिला.

हॉस्पिटलातून खोलीवर आल्यावर हे कामावर गेले तसा मी कॅन मोरीत नेला. तीनही गाठी सोडल्या. सासूबाईंच्या गाठी त्या, दात लावावे लागले. अर्धं पाणी ओतून दिलं, म्हणजे हिशेब जुळला. थर्मास घासून, उन्हात वाळवून, फुलं पुढे करून फळीवर ठेवला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसंच. फक्त फाशीचा दोर मी स्वतः वळून दिला.

ह्यांनी गावी पत्र लिहिलं, रागानं लिहिलं. सासूबाईंना अक्षर येत नव्हतं, त्यामुळे पत्र गुरुजींनी ओटीवर वाचलं. आणि ओटीवर वाचलेलं पत्र गावात फक्त बहिऱ्यांना कळायचं राहतं.

दोन वर्षांनी आम्ही सुट्टीवर आलो. पुढचं मला जाऊबाईंनी चुलीपाशी सांगितलं. पत्र ऐकून सासूबाईंनी गुरुजींना ते परत वाचायला लावलं होतं. मग दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी गडी लावून विहीर तळापर्यंत उपसून घेतली, आणि आत काय मेलं होतं ते बघायला स्वतः काठावर उभ्या राहिल्या. काहीच नव्हतं. तेव्हापासून घरातल्या सगळ्यांचं पाणी त्या उकळायच्या, उन्हाळ्यात, धुरात बसून. लेकींकडे पाणी पाठवणं बंद केलं होतं. "आणि बारशाला कुनी बोलावलं," जाऊबाई म्हणाल्या, "तरी पोराला हात लावत नाय. लांबूनच बघतात."

त्या दुपारी मुलगी अंगणात खेळून आली. घामाघूम झालेली. सरळ आजीपाशी गेली आणि म्हणाली, "आजी, पाणी." सासूबाईंनी माठातून पेला भरला. पोरगी हात पुढे करून उभी होती. त्यांनी पेला दिला नाही. तो दोन्ही हातांत धरून माझ्याकडे बघत राहिल्या.

"देऊ का गं?" म्हणाल्या. "उकाळल्यालं हाय."

"द्या ना, आई," मी म्हटलं.

एवढंच म्हटलं. सासूबाई त्यानंतर नऊ वर्षं जगल्या. दर सुट्टीत भेट व्हायची, आणि दर वेळी पेला हातात धरून मला विचारून मगच त्या नातीला पाणी द्यायच्या. नऊ वर्षांत त्यांना खरं सांगायला मला सवड झाली नाही. कामं फार होती हो.