भाकरी थापणारी बाई

हे सांगायचं मी म्हातारा होईपर्यंत टाळलं. चाळीसच्या दशकात सांगलीतल्या एका सिनेमा थेटरात मी मॅनेजर होतो. तिथं मशीनवर सिनेमा दाखवणारा एक ऑपरेटर होता. रहिमतपूरकडचा. माणूस जीव खायचा. खेळ चालू असताना मला बाहीला धरून केबिनमध्ये ओढायचा.

"आवं मॅनेजर, बगा की! नवरा लढाईत गेल्याची तार आलीया, अन् बाई निस्ती भाकरी थापती. रडत न्हाई. हात तेवढा थांबतोय. ज्याला हे सुचलं त्यो लय मोठा माणूस!"

"बारा वेळा पाहिलंय," मी करवादायचो.

"मग तेराव्यांदा बगा."

खेळ लांबतो म्हणून मालक माझ्यावर ओरडायचे. एका सकाळी मीच कात्री घेऊन तो प्रसंग कापला. त्यात ना गाणं, ना बोलणं. नेमके दुपारी मालक बघायला बसले आणि भडकले. "कुणी कापलं? रीळ कंपनीचं आहे, दंड मला बसेल!"

"त्या रिळाला सारखा हात यांचाच असतो," मी ऑपरेटरकडे बोट दाखवून म्हणालो. मालकांनी त्याला तिथंच काढून टाकलं.

तो भांडला नाही. मालक गेल्यावर एवढंच म्हणाला, "तुकडा कुटं हाय?" मी खिशातून काढून दिला. त्यानं तो जोडला आणि संध्याकाळचा खेळ लावूनच निघायचं ठरवलं. बाईचा हात थांबला तेव्हा अख्खं थेटर गप्प झालं. मीही पहिल्यांदाच नीट पाहिलं.

ट्रंक घेऊन तो दाराशी आला. कात्री माझी होती, चुकलो, असं म्हणायला मी तोंड उघडलं.

"निघा लवकर," मी करवादलो, "गाडी चुकेल तुमची."