मामाजींची दाढ

ऐंशीच्या दशकात मी सौंसरच्या एका शाळेत अकरावीला जीवशास्त्र शिकवायची. सासर रामाकोन्याचं, संत्र्याच्या बागेचं. लग्नाला दोनच वर्षं झाली होती आणि बागेबद्दल मी काही बोलले की सगळे हसायचे, म्हणून घरात मी फारसं बोलत नसे.

त्या हिवाळ्यात संत्रा तोडणीला आला आणि नेमकी तेव्हाच सासऱ्यांची दाढ दुखायला लागली. तोडणी टाकून नागपूरला दातांच्या डॉक्टरकडे जायला ते तयार नव्हते. लवंग झाली, हिंग झाला. शेवटी त्यांनी मला बोलावून विचारलं, की तू शाळेत नसांचं शिकवतेस, तर ही कळ कमी-जास्त काहून होते?

इतक्या गंभीरपणे त्या घरात मला कोणी काही विचारलं नव्हतं. मी ओसरीवर अख्खा तासच घेतला. नस मेंदूला धाडते तो संदेश नेहमी सारखाच असतो, जास्त दुखलं म्हणून तो मोठा होत नाही. जास्त दुखतं तेव्हा असे संदेश भराभर जातात, इतकंच. आणि प्रत्येक संदेशानंतर नसेला थांबावंच लागतं. तेवढ्या वेळात कितीही टोचलं तरी तिच्याकडून दुसरा संदेश जात नाही.

"म्हणजे नस थकते," सासरे म्हणाले.

"तसंच समजा, मामाजी," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी डॉक्टरचा विषयच बंद केला. गालाला मफलर गुंडाळून ते बागेत बसू लागले. मधूनमधून त्यांचा चेहरा कळवळून वाकडा व्हायचा. सासूबाईंना वाटलं दुखणं वाढलं, पण ते मुद्दाम जिभेने दाढ दाबत होते. नस लवकर थकावी म्हणून.

तिसऱ्या दिवशी गाल टम्म सुजला. हे कोणाच्या सांगण्यावरून चाललंय ते सासूबाईंना कळलं आणि त्यांनी माझ्या ताटात पोळी आपटली. तेव्हा मी सासऱ्यांपुढे जाऊन खरं सांगितलं, की नस थांबते ती सेकंदाचा हजारावा भाग, फार तर थोडं जास्त. मग पुन्हा तयार.

त्यांनी गालावरचा मफलर सोडला. "मी तीन दिवसांपासून दाढ दाबून रायलो. हे त्याच दिवशी काहून नाही सांगितलं?"

मी खरं तेच सांगितलं, की तेवढा भाग मी वर्गात दुसऱ्या तासाला घेते.

दुसऱ्या दिवशी मी रजा काढून त्यांना नागपूरला नेलं. डॉक्टरांनी सुई दिली, दाढ उपटली आणि सासऱ्यांना काहीच कळलं नाही. सुईने नसेचे संदेशच अडवले, असं मी बाहेर आल्यावर सांगितलं. ते त्यांना फार आवडलं. परतीच्या बसमध्ये अर्धा ओठ बधिर असताना त्यांनी शेजारच्या प्रवाशाला सगळं समजावलं. त्याला एक शब्द कळला नाही, पण तो शेवटपर्यंत मान हलवत होता.

आठवडाभराने ओसरीवर एक म्हातारा गुडघा धरून बसलेला दिसला. सासऱ्यांनी मला हाक मारली आणि बजावलं, "याले दोन्ही तास एकाच दिवशी घे."