ई-क्लासवरचा मेंढपाळ

अंजनगावकडं आमच्या गावाले ई-क्लासची जमीन आहे, म्हणजे सरकारनं राखलेली गावची चराई. तिथं दर हिवाळ्यात एक मेंढपाळ उतरे. उंच, वाळका, बोलायच्या आधी पायातल्या वहाणा काढून बाजूले ठेवणारा. मी दरसाल जाऊन त्याले दरडावत असे, "निघ इथून, हा आमच्या ढोरायचा चारा आहे." तो मान डोलावे, अन् आणखी आठ दिवस राहे.

मग कापसानं लागोपाठ दगा दिला, अन् त्या चराईवर घरांचा लेआउट पाडायचं निघालं. गावच्या पोरायले शेतीपरीस त्या प्लॉटातच सुख दिसलं. हरकत द्यायले मी एकटाच तहसिलीत गेलो. पाहतो तं वऱ्हांड्यात हा उभा, वहाणा काढून.

"तू काहून आला बे?"

"तुमी हाकललं तं पुढच्या साली परत येता येते, बाप्पा. घरं उभी राहिली तं कुठं येऊ?"

साहेबानं त्याची हरकत घेतली नाही. गावचा रहिवासीच पाहिजे म्हणे. तो मागं सरला. मले ते पाहवलं नाही.

"लिहा साहेब, हा माह्या घरचा माणूस आहे. माहाच पत्ता टाका."

साहेबानं पेन उचलला. "नाव सांगा याचं."

वीस वर्षं त्याले हाकललं, पण नाव कधी इचारलं नवतं. सगळ्यायच्या देखत मले त्याच्याकडं वळा लागलं.

"भाऊ, तुमचं नाव काय?"